सळीवरचं कार्ड

जगात तक्त्यावर काढून दाखवता येणार नाही अशी एकही गोष्ट नाही, असं बाई मानत. ग्रंथालयशास्त्राचा वर्ग त्या सव्वीस वर्षं घेत होत्या आणि एवढ्या वर्षांत बाईंनी नुसतं तोंडी काही शिकवलं, असं शपथेवर सांगणारा विद्यार्थी सापडला नसता. मुलं त्यांना पाठीमागे तक्तेबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

वर्गीकरण शिकवायला त्यांच्याकडे एका मोठ्या घराचं चित्र होतं. त्यात आजोबा, मुलगे, सुना, नातवंडं आणि प्रत्येकाची वेगळी खोली. "पुतण्याला काकाच्या खोलीत झोपवलंत, तर सकाळी त्याला हाक मारणाऱ्याने कुठे शोधायचं?" असं त्या विचारत आणि पुस्तक भलत्या फळीवर ठेवणाऱ्या पोराचा चेहरा पडे. दाखलअंक, म्हणजे पुस्तक ग्रंथालयात आल्याबरोबर मिळणारा क्रमांक, समजावताना त्या तान्ह्या बाळाच्या मनगटावरच्या पट्टीचं चित्र लावत. ही जन्माची पट्टी, ती बदलत नाही. वर्गांक म्हणजे पत्ता, तो बदलू शकतो. एका विषयाचं कार्ड वाचकाला दुसऱ्या विषयाकडे कसं पाठवतं हे सांगायला त्या मुलांनाच गळ्यात पाट्या अडकवून उभं करत आणि एकमेकांना लाल-निळ्या दोऱ्यांनी बांधत. एकदा प्राचार्य वर्गात डोकावले, दोऱ्यांत गुरफटलेली सहा मुलं त्यांनी पाहिली आणि दार लावून निघून गेले.

बाकीच्या शिक्षकांनी कधीच स्लाइड दाखवायला सुरुवात केली होती. बाईंचं म्हणणं, स्लाइड पुढे जाते, तक्ता भिंतीवर राहतो. त्यांच्या तक्ता क्रमांक अकरावर तर मुलं हसतच, कारण त्यात कार्डांचा खण होता आणि असले खण आता भंगारातच दिसत. अभ्यासक्रमात तो धडा अजून का आहे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पण आहे म्हटल्यावर बाई तो मन लावून शिकवत. मनातली गोष्ट अशी, की त्यांचं लग्नच त्या खणामुळे झालं होतं.

पूर्वी मोठ्या ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड असे. कार्डं लांबट खणात क्रमाने उभी असत आणि प्रत्येकाच्या तळाशी एक भोक. सगळ्या भोकांतून एक पितळी सळी गेलेली असे, म्हणजे कुणी कार्ड उपटून नेऊ नये. नवीन कार्ड लावायचं तर नवशिक्याने सळी काढायची नाही. कार्ड आपल्या जागी नुसतं टेकवायचं. ते सळीवर अडतं आणि बाकीच्यांपेक्षा बोटभर वर उभं राहतं. मग वरिष्ठाने यायचं, जागा बरोबर आहे का तपासायचं, सळी काढून कार्ड खाली बसवायचं आणि सळी पुन्हा घालायची. शिकवायला लागण्याआधी बाई अशाच एका ग्रंथालयात नोकरीला होत्या आणि तिथल्या वरिष्ठांची, म्हणजे साहेबांची, आणखी एक रीत होती. जुन्या कार्डात काही खटकलं, की ते कार्ड ते वर काढून सळीवर उभं करून ठेवत. बोलत नसत, चिठ्ठी लिहीत नसत. ज्याने कार्ड केलं त्याने सकाळी यायचं, उभं कार्ड बघायचं, आपली चूक आपण शोधायची. कामावर आल्याबरोबर लोक आधी आपापल्या खणांवरून नजर फिरवत, आणि कुठे डोकं वर काढलेलं कार्ड दिसलं की हातातली पिशवीही न ठेवता आधी तिकडे जात.

बाई तिथे नवीन लागल्या तेव्हा त्यांचं एक कार्ड असंच उभं दिसलं. त्यांनी ते चार वेळा वाचलं, चूक सापडली नाही. दुसऱ्या दिवशी दुसरं, तिसऱ्या दिवशी तिसरं. चौथ्या दिवशी त्या साहेबांच्या टेबलापाशी गेल्या आणि रडवेल्या होऊन म्हणाल्या, "यात काय चुकलंय ते तरी सांगा."

"काहीच नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही विचारायला याल म्हणून केलं."

सबंध नोकरीत साहेबांनी नियमाविरुद्ध केलेली ही एवढीच गोष्ट. ती आठवली की लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावरही बाईंच्या गालावर रंग चढे.

साहेब निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. आठ महिन्यांपूर्वी सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागला, आणि वाचा गेली. अक्षरंही गेली. वर्तमानपत्र हातात धरून ते असे बघत बसत, जसं ओळखीच्या घराला कुणी परकं कुलूप लावलंय. एकच शब्द उरला, "बरं". जेवण झालं, बरं. पाय दुखतोय, बरं. साहेबांची थोरली बहीण, म्हणजे बाईंच्या वन्सं, दोन गल्ल्या पलीकडे राहत. बोलायला बसल्या की तास तास उठत नसत. त्या आल्या की बरं, आणि गेल्या की जरा जास्त मोकळं बरं.

बोलणं शिकवायला येणारी थेरपिस्ट तरुण होती, पण स्पष्ट बोलायची. "जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं," ती म्हणाली. "चित्रांची कार्डं करा. पाणी, चहा, दुखतंय, झोप. काय हवंय ते त्यांनी बोटाने दाखवलं पाहिजे. शब्द नंतर. आधी त्यांनी आपणहून एकदा तरी बोट ठेवू दे. एकदा ठेवलं की पुढचा रस्ता सोपा होतो."

चित्रं म्हटल्यावर बाईंना हुरूपच आला. हे तर त्यांच्या हातचं काम. त्यांनी आठवडाभर बसून चौसष्ट कार्डं रंगवली. खाण्यापिण्याची हिरव्या काठाची, शरीराची लाल, माणसांची पिवळी, घरातल्या कामांची निळी. वन्संचं चित्र हुबेहूब आलं होतं. उघडं तोंड जरा मोठंच आलं होतं, पण बाईंनी ते तसंच ठेवलं. ग्रंथालयाने कार्डांची कपाटं मोडीत काढली तेव्हा साहेबांनी आठवण म्हणून एक खण मागून आणला होता. इतकी वर्षं त्यात शिवणाचं सामान पडलेलं होतं. ते काढून बाईंनी त्यात कार्डं लावली आणि खण साहेबांच्या मांडीवर ठेवला.

साहेबांनी डाव्या हाताने खण कुरवाळला. मग खण मांडीवरून निसटला आणि चौसष्ट कार्डं जमिनीवर पसरली. साहेब हमसून रडले. बाईंनी त्याच दिवशी प्रत्येक कार्डाला तळाशी भोक पाडलं, जुनी पितळी सळी घासून चकचकीत केली, कार्डांतून ओवली आणि तिच्या टोकाची फिरकी बसवली. आता खण कितीही वेळा पडला असता तरी कार्डं सांडली नसती.

रोज संध्याकाळी कॉलेजातून आल्या की बाई स्टूल ओढून साहेबांसमोर बसत. "अहो, काय हवंय? दाखवा बरं."

साहेब अंगठ्याने कार्डं चाळत. झरझर, एकसारखी, शेवटपर्यंत. पस्तीस वर्षांची सवय अंगठ्यात तशीच होती. पण बोट कशावरही ठेवत नसत.

"चाळू नका, दाखवा. हे बघा, मला चहा हवा असला की मी असं बोट ठेवते. आता तुम्ही."

"बरं," साहेब म्हणत, आणि पुन्हा पहिल्यापासून चाळत.

"अगं, तू त्याला नवरा समज," वन्सं एकदा म्हणाल्या. "विद्यार्थी नको समजूस."

बाईंना ते लागलं. पण त्यांनी नाद सोडला नाही. झोपेतसुद्धा त्यांना तेच एक बोट दिसे. चहावर ठेवा, पंख्यावर ठेवा, हवं तर वन्संच्या उघड्या तोंडावर ठेवा, पण एकदा ठेवा. वर्षाचे आठ महिने सरले होते.

त्या दिवसांत उन्हं वाढली आणि डॉक्टरांनी सांगितलं, पाणी कमी पडू देऊ नका. बाईंनी लगेच तक्ता केला. आठ पेल्यांची चित्रं, प्यायला तेवढा पेला निळा रंगवायचा. तक्ता साहेबांच्या खुर्चीसमोरच लावला. दिवसा घरी असणाऱ्या मावशींना ताकीद दिली, संध्याकाळी आठच्या आठ पेले निळे दिसले पाहिजेत. साहेब तोंड फिरवत. मावशी समजूत घालून, हनुवटी धरून पाजत. पाजल्यावर साहेबांचं "बरं" घशात पाणी अडकल्यासारखं ओलं येई. कधी त्यांचा डावा हात गळ्याकडे जाई, मग वाटेतच विसरल्यासारखा खाली येई. कॉलर टोचत असेल म्हणून बाई वरचं बटण सोडत. थेरपिस्टने सुरुवातीला विचारलं होतं, पिताना ठसका लागतो का? ठसका एकदाही लागला नव्हता.

एक दिवस बाई घरी आल्या, तर खणात एक कार्ड बोटभर वर आलेलं. पाण्याचं. बाई आनंदाने पाणी घेऊन धावल्या. साहेबांनी मान फिरवली, पेला डाव्या हाताने लोटला, पाणी बाईंच्या अंगावर सांडलं.

"दुपारभर त्या पेटीशी झटत होते," मावशी म्हणाल्या. "गुडघ्यात धरून एका हाताने ती फिरकी सोडवत होते. मी मदतीला गेले तर डोळे वटारले. मी म्हटलं, चाललाय वेळ तर जाऊ दे."

"विरंगुळा आहे, करू देत," बाई म्हणाल्या. त्यांनी सळी काढली, कार्ड खाली बसवलं, सळी घातली. "झालं बघा. नीट लावलं."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. म्हणाले काही नाहीत, "बरं"ही नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी पाण्याच्या शेजारी डॉक्टरांचंही कार्ड वर आलेलं. बाई त्या दिवशी दमलेल्या होत्या. बस चुकली होती, वर्गात कुणी लक्ष दिलं नव्हतं. दिवसभर शिकवून यायचं आणि घरी मोडलेला खण पुन्हा जोडायचा, असं रोज चाललं होतं. "अहो, दाखवायचं सोडून हे काय उघडझाप करत बसता?" असं म्हणून त्यांनी दोन्ही कार्डं खाली दाबली, सळी घातली, पक्कड आणली आणि सळीची फिरकी पकडीने आवळून टाकली.

कुणी म्हणेल, एवढं सगळं माहीत असलेल्या बाईला हे कळलं कसं नाही? मी सांगतो. माणूस आजारी पडला की आपण त्याला आधी आजारी म्हणून बघतो. त्याचा हात हलला तर थरथरला म्हणतो, तो रागावला तर चिडचिडा झाला म्हणतो. बाईंनी साहेबांसमोर चौसष्ट चित्रं मांडली होती आणि उत्तर कोणत्या पद्धतीने यायचं हेही ठरवून टाकलं होतं. बोट म्हणजे उत्तर. दुसऱ्या वाटेने आलेलं उत्तर त्या रोज संध्याकाळी आपल्या हाताने आवरून ठेवत होत्या. शिक्षकांचं असंच होतं, आणि बायकोचंही.

त्यानंतर खणात एकही कार्ड वर आलं नाही. फिरकी डाव्या हाताला हलणारच नव्हती. दोन दिवस त्यांनी प्रयत्न केला असावा, कारण अंगठ्याचं कातडं सोललेलं होतं. बाईंनी त्यावर मलम लावलं. आठही पेले रोज निळे होत होते. "आता जरा शांत झालेत," बाईंनी थेरपिस्टला फोनवर सांगितलं.

अकराव्या दिवशी ताप भरला. संध्याकाळपर्यंत श्वास घरघरायला लागला आणि साहेबांना इस्पितळात हलवावं लागलं.

तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाच्या पाटीवर लावला. समजावून सांगण्याची त्यांची रीत चांगली होती, तेवढ्या काळजीतही हे बाईंच्या मनात आलं. "ही फुफ्फुसं," डॉक्टर पेन फिरवत म्हणाले. "इथे काळं दिसायला हवं. खाली हे सगळं पांढरं झालंय, बघा. गिळताना पाणी अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत उतरतंय. घशाची जाणीव गेलीय, म्हणून ठसका लागत नाही आणि घरच्यांना कळत नाही. एकदोन दिवसांचं नाही हे, बरेच आठवडे चाललेलं असणार. घट्ट पदार्थ त्यामानाने चालतात. पाणी सगळ्यात वाईट."

"आम्ही रोज आठ पेले देत होतो," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. "तुम्हाला कसं कळणार," ते म्हणाले. मग नळीने अन्न, नाकाला प्राणवायू, आणि तोंडाने काही नाही. पाण्याचा थेंबही नाही. आशा किती, या प्रश्नाला त्यांनी "बघू" एवढंच उत्तर दिलं आणि ते लवकर लवकर चालत पुढच्या खाटेकडे गेले.

तीन दिवस बाई खाटेजवळून हलल्या नाहीत. चौथ्या दिवशी कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक येणार होते आणि बाईंच्या सहीशिवाय बावीस मुलांचं वर्ष लटकलं असतं. "जाऊन ये," वन्सं म्हणाल्या. त्या चार दिवसांत वन्सं बोलायच्या जवळजवळ थांबल्या होत्या. "मी बसते. तसाही तो मला कंटाळलेलाच असतो."

परीक्षक वयस्कर होते, जुन्या वळणाचे. भिंतीवरचे तक्ते बघून त्यांना फार आनंद झाला. टेबलावर बाईंचा पुठ्ठ्याचा नमुना खण होता, त्यात सळी म्हणून विणायची सुई. तोंडी परीक्षेला एक घाबरट मुलगी आली. पहिल्या तीन प्रश्नांना तिला शब्द फुटला नाही. परीक्षकांना दया आली असावी. त्यांनी खणातलं एक कार्ड वर काढलं, सुईवर उभं केलं आणि म्हणाले, "बरं, हे काय आहे, एवढं सांग."

मुलीचा चेहरा एकदम उजळला. "सर, हे मला येतं. तक्ता क्रमांक अकरा. कार्ड सळीवर उभं असलं, तर इथे काहीतरी चुकतंय असं तपासणाऱ्याचं म्हणणं असतं. ज्याने कार्ड केलं त्याने येऊन चूक शोधायची."

"आणि तोवर?"

"तोवर ते कुणी खाली बसवायचं नाही, सर. खाली बसवलं की बाकीच्यांत मिसळून जातं आणि चूक तशीच राहते. बाईंनी दोनदा शिकवलंय."

परीक्षक हसले, शाबास म्हणाले आणि गुण विचारायला बाईंकडे वळले. बाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

चार दिवस साहेब सांगत होते. जी कार्डं बाईंनी केली, त्यांतलं एक बाईंपुढे उभं करून ठेवत होते, जसं एकतीस वर्षांपूर्वी ठेवायचे. पाण्यात काहीतरी चुकतंय, बघ. चौथ्या दिवशी तर सांगितलं, डॉक्टरांना बोलाव. शब्द गेले, अक्षरं गेली, तरी हातातली रीत शिल्लक होती, आणि ती वाचू शकेल असं जगात एकच माणूस उरलं होतं. त्या माणसाने पक्कड आणली. बाईंना स्वतःची इतकी शिसारी आली की त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. आठ महिने त्या म्हणत होत्या, साहेब बोलत नाहीत. साहेब बोलत होते.

"मला जावं लागेल," त्या परीक्षकांना म्हणाल्या. सह्या केल्या, कोऱ्या रकान्यांतही केल्या, आणि निघाल्या.

घरी जाऊन त्यांनी खण पिशवीत घातला. फिरकी सोडवायला पक्कडच घ्यावी लागली, आणि पकडीनेसुद्धा ती सहज सुटली नाही. स्वयंपाकघराकडे वळताना आठ पेल्यांचा तक्ता दिसला. तो त्यांनी भिंतीवरून काढला, फाडला नाही, उलटा करून ठेवून दिला. बसमध्ये पूर्ण वेळ खण मांडीवर घेऊन बसल्या. शेजारच्या माणसाने विचारलं, "यात काय आहे?" बाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांची कार्डं."

चार वाजता भेटायची वेळ सुरू झाली. साहेब उशांवर टेकून बसवलेले होते. डोळे उघडे होते, ओठ कोरडे पडून सोललेले. वन्सं खुर्चीवरून उठल्या आणि बाहेर गेल्या.

बाईंनी खण खाटेवर ठेवला. सळी काढली, पाण्याचं कार्ड वर ओढलं, त्याच्या शेजारी डॉक्टरांचं ओढलं, सळी परत घातली. दोन्ही कार्डं बोटभर वर उभी राहिली. साहेब बघत होते.

"मी वाचलं," बाई म्हणाल्या. "उशीर झाला, पण वाचलं. चूक माझी होती. पाणी चुकत होतं. तुम्ही बरोबर दाखवलं होतं, चारही दिवस बरोबर होतं. अहो, मी ते दाबून टाकलं." मोठ्या माणसाने लेकरासारखं नाक पुसावं तसं त्यांनी मनगटाने नाक पुसलं. मग सळी ओढून दोन्ही कार्डं खाली बसवली आणि सळी पुन्हा घातली, हलक्या हाताने. "तपासलं. झालं."

साहेबांचा श्वास घरघरत होता. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. "बरं," ते म्हणाले. आठ महिन्यांत इतक्या तऱ्हांनी ऐकलेला तो शब्द, पण असा बाईंनी ऐकला नव्हता. त्यांनी साहेबांच्या छातीवर कपाळ टेकवलं आणि क्षणभर त्यांना वाटलं, आता काहीही होवो. एवढं तरी पोचलं.

मग खणात खुडबुड झाली. साहेबांचा डावा हात कार्डांवर होता. अंगठ्याने ते चाळत होते, पण झरझर नाही, एकेक करून. हिरव्या काठापाशी अंगठा थांबला. मग शेजारचं बोट पुढे झालं आणि एका कार्डावर येऊन टेकलं. पाण्यावर.

"हो, कळलं मला," बाई म्हणाल्या. "तेच चुकत होतं. आता बंद केलंय."

साहेबांनी मान हलवली. नाही. बोट उचलून पुन्हा त्याच कार्डावर टेकवलं. जीभ कोरड्या ओठांवरून फिरवली. शेजारच्या खाटेपाशी पाण्याचा तांब्या होता, त्याच्याकडे बघितलं, मग बाईंकडे. पुन्हा बोट.

बाईंना कळलं. याच बोटासाठी त्यांनी चौसष्ट चित्रं रंगवली होती. थेरपिस्टने सांगितलं होतं तसंच आलं होतं, आपणहून, स्वच्छ, शंकेला जागा न ठेवता. साहेबांना तहान लागली होती.

"नाही देता येत," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी थेंबसुद्धा नको म्हटलंय."

बोट तिथेच.

नर्स आली, तिने ओल्या कापसाने साहेबांचे ओठ नुसते टिपले आणि म्हणाली, "याहून जास्त नाही हं." ती गेल्यावर साहेबांनी पुन्हा बोट ठेवलं.

तेव्हा बाईंनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. खणाच्या मागच्या बाजूला तीनचार कोरी कार्डं होती, त्यांतलं एक काढलं. पर्समधून पेन काढलं. एक चेहरा काढला, बाजूने दिसणारा, साहेबांच्या नाकाचा. घशातून खाली जाणाऱ्या दोन नळ्या काढल्या. एक पोटाकडे, एक फुफ्फुसाकडे. तोंडाशी एक पेला काढला. त्यातून निघालेला बाण पोटाकडे वळायच्या ऐवजी फुफ्फुसाकडे वळवला आणि तिथे एक मोठी फुली मारली. चित्र चांगलं आलं. लहान मुलालाही कळलं असतं.

"हे बघा," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला काढायचा होता, तो निघाला नाही. "इथून पाणी आत जातं. इथे जायला हवं. पण ते इकडे जातं. म्हणून नाही."

साहेबांनी चित्र बघितलं. नीट, सावकाश, एखादं नवीन आलेलं कार्ड तपासावं तसं. त्यांचं बोट पेल्यापासून निघालं, बाणावरून खाली गेलं, वळणावर थांबलं, मग फुलीपर्यंत पोचलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि मान हलवली. कळलं होतं. त्यात काही शंका नव्हती.

मग त्यांनी ते बोट उचललं आणि पुन्हा पाण्याच्या कार्डावर ठेवलं.